सम आणि समता




स्मरणिकेचे पहिले पान उघडताच महामानवाच्या विचारांवरील लेख हाती यावा, ही आपली अपेक्षा रास्तच आहे, आणि पुढील पानांत ती पूर्ण होईल याची आम्ही ग्वाही देतो. तथापि संपादकीयासाठी यंदा आम्ही निवडलेला विषय पाहून काही ज्येष्ठ सभासदांना आश्चर्य वाटेल. विषय आहे फंक नावाच्या अमेरिकन संगीतप्रकाराचा, आणि त्या संगीताच्या साथीने केल्या जाणाऱ्या मतदार-जागृतीचा. 'आपल्या चळवळीचा आणि या गोंगाटाचा संबंध काय?' असा प्रश्न संपादक मंडळाच्या बैठकीतही विचारला गेला. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणजेच हे संपादकीय होय.

निवडणुकीचा हंगाम जवळ आला की या देशातील अनेक शहरांतून जुन्या, अभिजात फंक संगीताला मानवंदना देणाऱ्या मैफली भरतात. १९६० आणि १९७० च्या दशकांतील गाणी वाजवली जातात. सभागृहाच्या दाराशी एक साधे टेबल मांडलेले असते. त्यावर मतदार नोंदणीचे अर्ज, दोन-चार पेने आणि मतदान केंद्रांची यादी असते. मध्यंतरात कोणी तरी रंगमंचावर येऊन इतकेच सांगते की, नाव नोंदवले नसेल तर आजच नोंदवा, नोंदवले असेल तर शेजाऱ्याला विचारा. कोणत्याही उमेदवाराचे नाव घेतले जात नाही, कोणत्याही पक्षाचे निशाण दिसत नाही. आपल्यापैकी काहीजण अशा एका मैफलीस जाऊन आले. 'आपल्या जलशाची आठवण झाली' असा त्यांचा एकमुखी अभिप्राय होता. त्या एका वाक्याने आम्हांस विचार करावयास लावले.

प्रथम या संगीताची ओळख करून घेऊ. 'फंक' या शब्दाचा मूळ अर्थ उग्र दर्प, विशेषतः घामाचा. सभ्य समाजात चारचौघांत उच्चारू नये असा तो शब्द. कष्टकरी कृष्णवर्णीय वादकांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या कलेचे बिरुद म्हणून मिरवला. हिणवण्यासाठी वापरलेल्या शब्दाला स्वाभिमानाचे निशाण करावे, ही गोष्ट आपल्याला नव्याने शिकावी लागत नाही.

आपल्या संगीतात तालाच्या पहिल्या मात्रेस सम म्हणतात. गायक आणि वादक किती का दूर भटकेनात, समेवर ते एकत्र येतात आणि श्रोत्याची मान आपोआप डोलते. त्यापूर्वीच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतात जोर असे तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. जेम्स ब्राउन यांनी तो जोर पहिल्या मात्रेवर आणला. वादकांच्या भाषेत तिला 'द वन', म्हणजे नुसते 'एक' म्हणतात. गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही सारी वाद्ये त्यांनी ढोलासारखी वाजवून घेतली. प्रत्येकाच्या वाट्याला लहानसा तुकडा येतो, कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही, आणि सारे मिळून समेवर येतात. हृदयाचे ठोके ऐकण्यात आमची तीन दशके गेली आहेत. अशी मैफल ऐकताना पहिल्या ठोक्याचे महत्त्व आम्हांस निराळे समजावून सांगावे लागले नाही.

या ठोक्यामागे मोठा इतिहास आहे. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी स्टोनो येथे उठाव केला. त्यानंतर १७४० मध्ये त्या वसाहतीने केलेल्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगे आणि मोठा आवाज करणारी वाद्ये वापरण्यास बंदी घातली. ढोलाने माणसे एकत्र येतात, संदेश जातो, हे मालकवर्गास उमगले होते. ज्या भूमीत ढोल हा गुन्हा ठरला, त्याच साउथ कॅरोलायनात १९३३ साली पराकोटीच्या दारिद्र्यात जेम्स ब्राउन जन्मले, आणि त्यांनी साऱ्या वाद्यवृंदाचाच ढोल केला. इतिहासाने उगवलेला सूड म्हणावा तो याला.

आपल्याकडील कथा थोडी निराळी, पण दुःख तेच. आपल्या गावगाड्यात ढोल वाजवण्यास बंदी नव्हती. उलट हलगी, डफ, सनई ही वाद्ये वाजवणे हे काही जातींवर लादलेले काम होते. मिरवणूक इतरांची, देव इतरांचा, ताल मात्र आपला, आणि वाजवणारा देवळाच्या पायरीखाली. तेथे ढोल हिरावून घेतला गेला, येथे तो गळ्यात अडकवला गेला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: हा ठेका कोणासाठी? ज्या दिवशी आपल्या शाहिरांनी डफावर थाप मारून सत्कार इतरांचा न करता स्वतःच्या हक्कांचा पुकारा केला, त्या दिवशी त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आता मताधिकाराकडे वळू. अमेरिकन घटनेच्या १५ व्या दुरुस्तीने १८७० साली वर्णावरून मत नाकारण्यास मनाई केली. कागदावर प्रश्न संपला. प्रत्यक्षात दक्षिणेकडील राज्यांनी मतदानासाठी कर बसवला, साक्षरतेच्या परीक्षा लावल्या, आणि राज्यघटनेतील एखादे कलम अधिकाऱ्याचे समाधान होईल असे समजावून सांगण्याची अट घातली. अधिकाऱ्याचे समाधान कधी होत नसे, हे सांगावयास नकोच. १९६४ साली मिसिसिपी राज्यात मतदानास पात्र असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ६.७ टक्के लोकांचीच नोंदणी झालेली होती. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली आणि १९६७ पर्यंत तेच प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. रोग असाध्य नव्हता, उपचारच केला जात नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

जेम्स ब्राउन यांचे 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' हे गीत त्याच १९६५ च्या उन्हाळ्यात घराघरांत पोहोचले. संगीताचे अभ्यासक फंकची पहाट तेथे पाहतात. कायदा आणि ठेका एकाच हंगामात जन्मले, हा योगायोग असेल, पण दोहोंमागची माणसे एकच होती.

त्या माणसांपैकी एकीचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतील वाट्याने शेती कसणारी स्त्री. आपल्याला मत देण्याचा हक्क आहे हे तिला वयाच्या ४४ व्या वर्षी, १९६२ साली समजले. ती नोंदणीसाठी गेली. तिला राज्यघटनेतील कलमाचा अर्थ विचारण्यात आला, ती अनुत्तीर्ण ठरली आणि त्याच दिवशी मळेवाल्याने तिला घराबाहेर काढले. परतीच्या बसमध्ये भयभीत झालेल्या सोबत्यांना धीर देण्यासाठी ती गात होती. पुढल्या वर्षी तुरुंगात तिला इतकी मारहाण झाली की तिच्या मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. तरीही १९६४ साली अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने साऱ्या राष्ट्रासमोर साक्ष दिली. ती फंक गात नव्हती, चर्चमधील भजने गात होती. परंतु गाणे आणि मत यांची गाठ तिच्यासारख्यांनीच बांधून दिली. पुढे विजेवर चालणारी गिटार आली, ढोल आले, गाठ मात्र तीच राहिली.

५ एप्रिल १९६८ ची रात्र आठवा. आदल्याच दिवशी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि शहरामागून शहर पेटत होते. बोस्टनमध्ये जेम्स ब्राउन यांची मैफल ठरलेली होती. ती रद्द केल्यास संतापलेला तरुण रस्त्यावर येईल, हे ओळखून नगरपालिकेने ती होऊ दिली आणि दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली. पुष्कळांनी ती घरी बसूनच पाहिली. त्या रात्री बोस्टन इतर शहरांच्या मानाने शांत राहिले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या काळेपणाचा अभिमान मोठ्याने सांगणारे गीत मुलांच्या समूहस्वरासह ध्वनिमुद्रित केले. त्यानंतर 'निग्रो' हा शब्द मागे पडून 'ब्लॅक' हा शब्द ताठ मानेने उच्चारला जाऊ लागला, त्यात त्या गीताचा वाटा मोठा आहे.

२० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या विशाल क्रीडागारात 'वॉट्सस्टॅक्स' नावाची मैफल झाली. तिकीट अवघा एक डॉलर, उपस्थिती एक लाखाच्या वर. सात वर्षांपूर्वी वॉट्स या वस्तीत झालेल्या उद्रेकात ३४ माणसे मरण पावली होती, त्याच्या स्मरणार्थ मेंफिसच्या स्टॅक्स कंपनीने ती भरवली होती. तारखा ध्यानात घ्या. मतदान हक्क कायद्यावर सही झाली ६ ऑगस्ट १९६५ रोजी, आणि वॉट्स पेटले ११ ऑगस्टला. मत मिळाले होते, पण घर, नोकरी आणि पोलिसांकडून मिळणारी वागणूक होती तशीच होती. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा अंतर्विरोध फार काळ टिकला तर लोकशाहीचा डोलाराच उद्ध्वस्त होईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. वॉट्समध्ये त्या इशाऱ्याची प्रचीती हजारो मैल दूर आली.

त्या मैफलीतील एक प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. रूफस टॉमस यांचे गाणे सुरू असताना बेभान झालेला जनसमुदाय कुंपण ओलांडून मैदानात उतरला. टॉमस यांनी लाठी मागवली नाही, की गाणे गुंडाळले नाही. थट्टामस्करी करीत, गोड बोलून त्यांनी तो समुदाय पुन्हा आपापल्या जागी नेऊन बसवला. लोकांना उठवणारे कलावंत पुष्कळ असतात. उठलेल्या लोकांना शिस्तीने एका दिशेस नेणारे थोडे. मतदार-जागृतीस हवे आहेत ते हे दुसऱ्या प्रकारचे.

त्याच १९७२ च्या मार्चमध्ये गॅरी, इंडियाना येथे कृष्णवर्णीयांचे राष्ट्रीय राजकीय अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी टॉम ब्रॅडली लॉस एंजेलिसचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. मैफलीने निवडणूक जिंकून दिली असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण एकत्र येण्याची सवय, रांगेत उभे राहण्याची सवय, आपण इतके आहोत हे डोळ्यांनी पाहण्याची सवय या गोष्टी मतपेटीपाशी उपयोगी पडतात. १९७५ साली पार्लमेंट या वाद्यवृंदाने 'चॉकलेट सिटी' हे गीत काढले. ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय लोकवस्तीच्या वॉशिंग्टनविषयी आहे. त्या राजधानीतील नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत प्रथम मत देता आले ते १९६४ साली, आणि शंभर वर्षांच्या खंडानंतर आपला महापौर निवडता आला तो १९७४ साली. व्हाइट हाउसमध्ये कृष्णवर्णीय बसल्याचे चित्र जॉर्ज क्लिंटन यांनी त्या गीतात विनोदाच्या अंगाने रंगवले. २००८ साली बराक ओबामा निवडून आले तेव्हा त्या विनोदाला ३३ वर्षे झाली होती.

आणि त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. त्याआधी १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने सादर होणाऱ्या अर्जाविषयी माहिती मागवली होती, आणि डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर धाडले होते. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आलेल्या तरुण भीमरावांची खोली हार्लेमपासून हाकेच्या अंतरावर होती. तात्पर्य, या दोन समाजांचे नाते आम्ही ओढून-ताणून जोडीत नाही. ते आपल्या पूर्वसूरींनीच जोडून ठेवले आहे.

आपल्या घरातही हा वारसा आहेच. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव आंबेडकरी जलसे घेऊन हिंडले. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखे, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुनी माणसे सांगत आली आहेत. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ ची निवडणूक आली, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा मतदारांपर्यंत पक्षाचा विचार पोहोचवण्याचे काम शाहिरांच्या डफाने केले. पुढे वामनदादा कर्डक यांनी अवघे आयुष्य त्याच कामी वेचले. मैफलीच्या दाराशी मतदार नोंदणीचे टेबल पाहून आमच्या सभासदांना जलसा आठवला, तो यामुळेच.

मताधिकाराच्या बाबतीत मात्र एक मोठा भेद आहे, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण प्राध्यापक आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा आणि मताधिकाराचा प्रश्न मांडला. १९२८-२९ मध्ये, सायमन कमिशनच्या काळात, त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी ठामपणे केली. मत ही शिकलेल्यांना वा मालमत्ताधारकांना द्यावयाची बक्षिसी नव्हे, ज्या नियमांखाली आपल्याला जगावयाचे आहे ते नियम ठरवण्यातील तो आपला प्रत्यक्ष वाटा आहे, अशी त्यांची भूमिका होती. मत वापरल्यानेच माणूस राजकीयदृष्ट्या शिकतो, म्हणून शिक्षण होईपर्यंत मत रोखणे हा उलटा न्याय झाला. घटनेच्या ३२६ व्या कलमाने भारतातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास एकाच वेळी मत दिले. मिसिसिपीतील शेतमजूर स्त्री अजून अधिकाऱ्याच्या दारात परीक्षा देत होती, त्याच्या दहा वर्षे आधी, १९५१-५२ मध्ये, आपल्या निरक्षर आजीने शाई लावलेले बोट घरी येऊन दाखवले होते. आपण त्या बोटाचे वारस आहोत.

येथवर आल्यावर काही आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, मतदान ही विवेकाची कृती आहे, नाचगाण्याच्या धुंदीत तिचे काय काम? आक्षेपात तथ्य आहे. परंतु मैफल मत ठरवून देत नाही, ती मतदाराला दारापर्यंत आणते. आतील निर्णय त्याने एकट्याने, शांत चित्ताने करावयाचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कलावंताच्या मागे जाण्याची सवय लागली तर? याचेही उत्तर जेम्स ब्राउन यांच्याच चरित्रात आहे. १९६८ साली त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार हंफ्री यांना पाठिंबा दिला, आणि १९७२ साली रिपब्लिकन निक्सन यांना. त्यांच्या चाहत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही आणि निदर्शनेही झाली. चाहत्यांनी त्यांचा ठेका घेतला, त्यांचा उमेदवार नाकारला. आमच्या मते लोकशाहीचे आरोग्य ते हेच. राजकारणात विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि अंती हुकूमशाहीचा मार्ग आहे, असे घटना समितीतील त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते. ते बजावणे आपल्या नेत्यांनाही लागू आहे आणि आपल्या गायकांनाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. एका संध्याकाळी भरलेल्या अर्जांतून प्रत्यक्ष मते किती पडतात? आम्ही चिठ्ठी लिहून देतो, पण रोगी औषध घेतो की नाही हे चिठ्ठीवरून कळत नाही. नोंदणी ही चिठ्ठी आहे. औषध पोटात जाते ते मतदानाच्या दिवशी. म्हणून ज्या मैफली नावे नोंदवून थांबतात त्यांचे यश अर्धेच. ज्या संस्था नंतर दूरध्वनी करतात, वृद्धांना गाडीने केंद्रावर नेतात, टपाली मतपत्रिकेवर सही राहिली तर नाही ना हे विचारतात, त्यांचे काम पुरे होते.

मानवंदनेच्या बाबतीतही एक गोष्ट विसरू नये. १९७० साली निघालेल्या 'फंकी ड्रमर' या ध्वनिमुद्रिकेत क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेला ढोलाचा तुकडा पुढील पिढ्यांनी अगणित गाण्यांत जसाच्या तसा वापरला. त्यातून धन झाले ते इतरांचे, त्यांच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. २०१७ साली ते निवर्तले. ज्याच्या हातांनी ठेका दिला त्याचे नाव खाली आणि नफा वर, हा व्यवहार आपल्या लोककलावंतांच्या बाबतीतही होत आला आहे. मानवंदना द्यावयाची तर ती मागे बसलेल्या वादकालाही द्यावी. समतेची परीक्षा तेथेच होते.

आता आपल्याकडे पाहू. आपण १४ एप्रिलला सभागृह भरतो, भीमगीतांवर टाळ्यांचा कडकडाट करतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनी लांबून गाड्या हाकीत येतो. परंतु आपल्यातील किती नागरिकांनी गेल्या नगरपालिका निवडणुकीत किंवा शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत दिले? राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला २०२० साली सुमारे दोन-तृतीयांश पात्र मतदार बाहेर पडले, २०१४ च्या मध्यावधीत जेमतेम ३६ टक्के. स्थानिक निवडणुकांत तर अनेक ठिकाणी त्याहूनही शुकशुकाट असतो. आणि आपल्या मुलांची शाळा, आपल्या वस्तीतील पोलीस, आपल्या हक्कांचे ठराव हे सारे त्या शुकशुकाटातच ठरते.

हे निव्वळ तत्त्वज्ञान नव्हे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवर आधारित भेदभावास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेझ्नोने तसाच निर्णय घेतला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच आशयाचे एसबी ४०३ हे विधेयक संमत केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले. अस्तित्वातील कायदे पुरेसे आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. एकीकडे सात माणसांचे मतदान, दुसरीकडे एका माणसाची सही. त्या साऱ्यांना निवडून देणारे मतदार कोण, आणि त्यांत आपण किती, हा प्रश्न सभागृहातील घोषणांनी सुटणारा नाही.

एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेत. २००० साली फ्लोरिडा राज्याचा, आणि पर्यायाने राष्ट्राध्यक्षपदाचा, निकाल ५३७ मतांच्या फरकाने लागला. २०१७ साली व्हर्जिनियाच्या प्रतिनिधिगृहाच्या एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांची मते ११,६०८ अशी समसमान ठरली, आणि जानेवारी २०१८ मध्ये वाडग्यातून चिठ्ठी काढून निर्णय करावा लागला. घरी बसलेल्या कोणाही एकाने ती चिठ्ठी वाचवली असती. मिळालेला हक्क कायमचा टिकतो असेही नाही. १९६५ च्या कायद्यातील पूर्वपरवानगीची तरतूद २०१३ च्या शेल्बी काउंटी खटल्यातील निकालाने निष्प्रभ झाली. जे वापरात नसते ते स्नायूप्रमाणे झडते.

वैद्यकाच्या क्षेत्रातही हा विचार रुजला आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२२ साली मतदानाचा आरोग्याशी असलेला संबंध ठरावाद्वारे मान्य केला. काही डॉक्टरांनी तातडीच्या विभागातच रुग्णांना मतदार नोंदणीची सोय करून दिली आहे. पाणी, हवा, औषधांची किंमत, विमा यांचे निर्णय जेथे होतात, तेथे रोग्याचा आवाज पोहोचला पाहिजे, हे त्यामागील साधे कारण आहे.

म्हणून आमच्या मंडळापुढे आम्ही काही सूचना नम्रपणे ठेवीत आहोत.

पहिली, येत्या जयंतीच्या कार्यक्रमात प्रवेशद्वाराशी मतदार नोंदणीचे टेबल असावे. आपल्यासारख्या करमुक्त संस्थेस कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, परंतु पक्षनिरपेक्ष नोंदणीचे काम खुशाल करता येते. ही मर्यादा काटेकोर पाळावी.

दुसरी, नोंदणी केवळ नागरिकांचीच व्हावी. ज्यांच्याजवळ ग्रीन कार्ड किंवा कामाचा व्हिसा आहे, त्यांनी चुकूनही अर्ज भरू नये. वाहन परवान्याच्या कचेरीत विचारले असताही नाही म्हणावे. नागरिक नसताना नोंदणी वा मतदान केल्यास या देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. त्यांनी राज्याच्या नियमांत बसेल तेथे इतरांना केंद्रावर नेण्याचे, माहिती देण्याचे काम करावे, आणि पात्र होताच नागरिकत्वाचा अर्ज लांबणीवर टाकू नये.

तिसरी, ज्यांनी भारतीय नागरिकत्व राखले आहे, त्यांना २०११ पासून परदेशस्थ मतदार म्हणून आपल्या मूळ मतदारसंघात नाव नोंदवण्याची सोय आहे. मत प्रत्यक्ष हजर राहून देण्याची अट त्यात घातलेली होती. सुट्टीचे तिकीट काढताना निवडणुकीचे वेळापत्रकही पाहावे. ओसीआय कार्डाने मात्र भारतात मताचा हक्क मिळत नाही.

चौथी, येथे जन्मलेली आपली मुले अठरा वर्षांची होत आहेत. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने या देशात १८ वर्षांच्या मुलांना मत मिळाले, आणि १९८९ पासून भारतातही तेच वय झाले. मुलाच्या अठराव्या वाढदिवशी केक कापण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज भरावा, असा घरोघर प्रघात पडावा.

आणि पाचवी, शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतील वादकांना निमंत्रण देऊन एक संयुक्त कार्यक्रम करावा. पूर्वार्धात आपला जलसा, उत्तरार्धात त्यांचे फंक. हलगी आणि ड्रम एका रंगमंचावर वाजू द्यावेत. मराठी न कळणाऱ्या आपल्या मुलांना आजोबांचे गाणे त्या निमित्ताने कळेल, आणि शेजाऱ्यांना आपण कोण आहोत हे कळेल. खर्च फार नाही, इच्छा मात्र हवी.

संगीताने समता येत नाही, आणि नुसत्या मतानेही येत नाही. ठेका माणसांना एकत्र आणतो, मत त्यांना सत्तेच्या दारात उभे करते, आणि तेथून पुढचा प्रवास शिक्षणाचा, संघटनेचा आणि संघर्षाचा असतो. पण समेवर येण्यासाठी प्रत्येक वादकाने आपली मात्रा वाजवावी लागते. एकाने हात आखडला तरी ताल लंगडतो. आपली मात्रा वाजवण्याची पाळी आली आहे.

 वरील सूचनांवर आपली मते, अनुकूल असोत वा प्रतिकूल, वार्षिक सभेपूर्वी अवश्य कळवावीत.

जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!

— संपादक